मागच्या डाव्या चाकावरची चीर

श्रावणातला शेवटचा गुरुवार. सकाळी सातला हमरापूरहून निघालो. गाडीत हजर: धर्माकाका (स्टिअरिंगवर), मी (मागे, मूर्तींजवळ), घरगुती गणपती बावीस, रोह्याच्या एका आळीचा मोठा गणपती एक. सोबत भाताचा पेंढा, गोधड्या दोन, डागडुजीची पेटी, तांदळाच्या भाकऱ्या आठ, लसणाची चटणी. निरोप द्यायला आप्पा आणि आई. पाऊस नाही.

हे माझ्या त्या वेळच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि याद्या करायची सवय लागलेली होती. कुठली मूर्ती कुणाची, कुठल्या रंगाचा डबा संपत आला, कुणाच्या गणपतीला डाव्या हातात मोदक हवा, सगळं वहीत. आई म्हणायची, "हिला सासरी पाठवाल तर आधी सासरच्यांची मोजदाद करून येईल." पण त्या गुरुवारच्या यादीत एक गोष्ट लिहिलेली नाही. ती मला ठाऊक होती, आणि मी ती मुद्दाम लिहिली नव्हती. या प्रकरणात तीच लिहायची आहे.

आमचं घर म्हणजे कारखानाच. मूर्ती करणाऱ्या घराला आमच्याकडे कारखाना म्हणतात. पुढच्या पडवीत सुकत घातलेले गणपती, माजघरात रंगवायचे, आणि झोपायला जागा उरेल तिथे आम्ही. सकाळी जाग यायची ती पॉलिश पेपरच्या खसखस आवाजाने. आप्पा उठल्या उठल्या एखादी मूर्ती मांडीवर घेऊन घासत बसायचे आणि चहा त्यांच्याजवळ गार व्हायचा. गणपतीच्या आधीचे दोन महिने घरात साग्रसंगीत स्वयंपाक नसायचा; सकाळी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, संध्याकाळी तेच पुन्हा गरम करून. प्रत्येक घासाला सरसाचा वास. आजही एखाद्या सुताराच्या दुकानावरून जाताना सरस उकळत असला की मला भूक लागते, हे मी कुणाला सांगत नाही.

कामाची वाटणी ठरलेली होती. आप्पा साच्यातून मूर्ती काढायचे, आई डोळे आखायची आणि मी चिरा बुजवायची. मूर्ती सुकताना तडकते. कधी सोंडेच्या मुळाशी, कधी काखेत. व्हायटिंगची पांढरी पावडर सरसात मळून तिची लांबी, म्हणजे चीर भरायचा लगदा, करायची, बोटाने चिरेत दाबायची, सुकली की घासायची, वरून रंग. आप्पांचा हात माझ्या बुजवलेल्या जागेवरून फिरायचा आणि त्यांना ती जागा सापडली नाही की ते नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी दिवसभर बसत असे. एक नियम मात्र कडक होता. लांबी लावायची ती डोळे आखण्याआधी. डोळे आखले की ती मूर्ती मातीची राहिली नाही. मग तिच्यात काही मोडलं तर जोडायचं नाही.

गाडी म्हणजे आप्पांनी जुनी घेतलेली जीप. चारही चाकांना ताकद देणारी, म्हणून सगळे तिला फोर-व्हीलच म्हणत. उन्हाळ्यात ती खाडीकडच्या मिठागरांवर भाड्याने जायची, बांधावरच्या चिखलातून मिठाच्या गोणी ओढायला; पावसाळा सरत आला की गणपती पोचवायला. दोन्हीकडे चालवायचे धर्माकाकाच. ते खाडीकाठच्या गावचे, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेल्या घरातले. पावसाळ्यात मिठाचं काम बंद, तेव्हा ही जीप हेच त्यांचं काम. चावी एका काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे. आई चिडवायची, "धर्मा, बायकोचं मंगळसूत्र तुझ्याच गळ्यात रे!" त्यावर ते म्हणायचे, "वयनी, बायको रुसली तं माहेरी जाईल. ही रुसली तं मी खाऊ काय?"

दर श्रावणात गाडी धुऊन रंगवायची आमच्याकडे पद्धत होती. नुसती वरून नाही, खालूनसुद्धा. आप्पा म्हणायचे, "देव बसणार आहे तिच्यात, पोट घाणेरडं नको." त्या वर्षी खालचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बारीक होते. पोत्यावर उताणी पडून, हातात लाल रंगाचा डबा घेऊन मी सरकत सरकत मागच्या डाव्या चाकाशी पोचले. तिथे शॉकअपचं, म्हणजे खड्ड्यांचे दणके झेलणाऱ्या नळकांड्याचं, वरचं टोक एका लोखंडी कानाला बोल्टने अडकवलेलं असतं आणि तो कान गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, वेल्डिंग केलेला असतो. गॅरेजवाले त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्या वेल्डिंगच्या कडेला मला एक चीर दिसली. केसाएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब.

मी काय केलं असेल हे आता कुणीही ओळखेल. पेटीतून लांबी काढली, बोटाने दाबून बसवली, सुकू दिली, घासली आणि वरून लाल रंगाचे दोन हात दिले. मग स्वतःच त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही. मला फार समाधान वाटलं. चीर दिसली की बुजवायची, एवढंच माझ्या हातांना शिकवलेलं होतं. पण मी अगदी अजाण होते असंही नाही. बाहेर आल्यावर आप्पांना सांगावं असं मनात आलं होतं. ते म्हणाले असते, गाडी गॅरेजला न्या, चार दिवस जातील, माल रखडेल. मी सांगितलं नाही. आणि चीर दिसतच नव्हती, तेव्हा न सांगणं सोपं होतं.

त्या गुरुवारी पेण, वडखळ, कासू ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. धर्माकाका खड्डा आला की ब्रेक दाबायच्या आधी "बाप्पा, सांभाळ" म्हणायचे आणि मी मागे मोठ्या गणपतीच्या पोटाला दोन्ही हात लावून बसायची. नागोठण्याहून रोह्याच्या रस्त्याला वळल्यावर डावीकडून टक-टक असा आवाज सुरू झाला. काकांनी गाडी हळू केली. मान बाहेर काढून पाहिलं. आणि तेवढ्यात एका साध्याशा खड्ड्यात खाडकन काहीतरी तुटलं. गाडीची डावी बाजू होडीसारखी वरखाली झुलायला लागली. मोठा गणपती माझ्या अंगावर कलला. मी पाय समोरच्या फळीला लावून त्याला छातीने रेटून धरला. गाडी थांबली तेव्हा तो शाबूत होता. पण कडेच्या एका लहान मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटातून निखळून पेंढ्यात पडला होता.

काका खाली वाकले. शॉकअप वरून सुटून लोंबत होता, तुटका कान त्याच्या टोकाला तसाच अडकलेला. त्यांनी तो काथ्याने वर बांधला. मग मागे येऊन त्या मूर्तीकडे पाहिलं.

"जोडशील गो?"

"डोळे आखलेत, काका."

"व्हय. मग नाय." त्यांनी गोधडीची घडी करून ती मूर्ती तीत ठेवली आणि तिथून रोह्यापर्यंत गाडी माणसाच्या चालीने आणली. वाटेत एकदाही बाप्पाचं नाव घेतलं नाही. मला वाटतं त्यांना लाज वाटत होती.

रोह्यात शिरता शिरता लतीफचाचांचं गॅरेज होतं. एक पत्र्याची शेड, पुढे जांभळाचं झाड, मागे त्यांचं घर. चाचा जीपचेच मिस्त्री. जुन्या फोर-व्हील गाड्या लांबलांबून त्यांच्याकडे यायच्या. मूर्तींची मोजदाद करून आम्ही त्या शेडमध्ये उतरवल्या आणि मी काकांबरोबर समोरच्या बूथवर आप्पांना फोन करायला गेले. गावातल्या दुकानावर फोन होता. आप्पांना बोलावून आणेपर्यंत काका रिसीव्हर कानाला धरून उभे होते. पुढचं मला काचेबाहेरूनही ऐकू आलं.

"दामटवली असशील! बावीस गणपती मागं ठेवून तुला घाई कसली रे? मूर्ती खंडित केलीस माझी. गाडी तिथंच ठेव. चावी पोरीकडं दे आणि एसटीनं आपल्या घरी जा. पुन्हा येऊ नको."

काका म्हणाले, "बरं, आप्पा." एवढंच. बाहेर येऊन त्यांनी गळ्यातला दोरा काढला आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. दोरा गरम होता. मी मूठ मिटली. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "काका, जेवून तरी जा."

परत येईतो चाचांनी तुटका ब्रॅकेट सोडवून हातात घेतला होता. त्यांनी तो उजेडात धरला आणि काकांना जवळ बोलावलं.

"इकडं बघ, धर्मा. तुटलेली कड बघ. ही अर्धी कड काळी, गंजलेली. ही अर्धी चकचकीत. चकचकीत तुटली ती आज. काळी तुटली त्याला महिने झाले. म्हणजे खड्ड्यानं नाय तोडला, खड्ड्यानं फक्त शेवट केला." मग त्यांनी नखाने काळ्या भागात खरवडलं. "पन हे पांढरं काय हाय?"

"मीठ असंल," काका म्हणाले. "उन्हाला भर मिठागराव होती."

चाचांनी ब्रॅकेट पुढे केला. काकांनी बोटावर ती पांढरी भुकटी घेतली आणि जिभेला लावली. मिठात जन्म काढलेला माणूस. कुठल्या आगराचं मीठ हेसुद्धा त्यांना चवीवरून कळायचं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि थुंकले.

"ह्या मीठ नाय."

मी पेटी पायाने मागे सरकवली.

चाचांच्या बेगमने, ज्यांना मी चाची म्हटलं, आम्हाला घरात बसवलं. त्यांनी आधी विचारलं, "श्रावण हाय ना गो तुमचा?" आणि चुलीवरचं सुक्या मासळीचं भांडं झाकून बाजूला ठेवलं. मग नारळाचं दूध घालून केलेलं वालाचं बिरडं वाढलं आणि तव्यावरून एकेक घावन. आमच्या भाकऱ्या मी बाहेर काढल्या तेव्हा त्यांनी त्यातल्या दोन मुद्दाम स्वतःच्या ताटात घेतल्या. इतकं चांगलं बिरडं मी त्याआधी खाल्लं नव्हतं. काका जेवत होते. मध्येच म्हणाले, "लतीफभाय, नट मी आवललाय. मागल्या महिन्यात आवाज येत होता म्हनून पाना लावून जीव खाऊन आवलला. रबर पार बाहेर आला त्याचा. त्यानंच गेला असंल."

"त्यानंपन गेला," चाचा म्हणाले. "एकट्या त्यानं नाय."

म्हणजे ते स्वतःलाच दोष देत होते. चावी माझ्या मुठीत होती.

जेवणानंतर चाचा म्हणाले, डावा जोडण्याआधी उजवा तपासू. त्यांनी मला जवळ बसवून दाखवलं. का कोण जाणे, काकांना नाही, मला. उजव्या ब्रॅकेटवरचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढला. चिंधी रॉकेलात बुडवून ती जागा नीट भिजवली. मग चहा मागवला. "रॉकेल पातळ असतं. जिथं आपली नजर जात नाय तिथं ते जातं. त्याला वेळ द्यायचा." चहा संपल्यावर जागा कोरडी पुसून घेतली. आता खडूची भुकटी लागणार होती. त्यांचा खडूचा डबा रिकामा निघाला. त्यांनी माझ्या पेटीकडे बोट दाखवलं.

"रंगकाम करता ना? पांढरी पावडर असंल तुझ्याकडं."

मी पेटी उघडली. व्हायटिंगची पुडी दिली. त्यांनी ती चिमटीने लोखंडावर पातळ भुरभुरली. तिघेही बघत बसलो. आधी काहीच नाही, नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यात वेल्डिंगच्या कडेने एक करडी रेघ उमटायला लागली, ओली, मुंगीच्या चालीने पुढे सरकत. चिरेत लपलेलं रॉकेल भुकटीने बाहेर ओढलं होतं. उजवाही तडकलेला होता.

ज्या पावडरीने मी चिरा लपवत आले होते, तिनेच चीर दाखवलेली मी पाहिली.  काका मात्र रेघेकडे नाही, पुडीकडे बघत होते. त्यांनी चिमूटभर पावडर उचलली. जिभेला लावली. थुंकले. आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, डावीकडं पण अशीच होती," मी म्हणाले. "मी पाहिली होती. रंगवताना. मी लांबी भरून बुजवली. कुणाला सांगितलं नाही."

काकांनी विडी काढली. ती पेटवली आणि शेवटपर्यंत ओढली. चाचा उगाच पाने पुसत राहिले. मग काका म्हणाले, "आगो, गनपतीच्या कानाला लावतेस तशी गाडीच्या कानाला लावलीस?" आणि हसले. हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. मी चावी त्यांच्या पुढे धरली.

"ती आप्पांनी घेतलीय. आप्पा देतील तं घेईन."

मी एकटी बूथवर गेले. आप्पा फोनवर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. चीर, लांबी, दोन हात रंग. पलीकडून फक्त दुकानातल्या तराजूचा आवाज येत होता. 

मग आप्पा म्हणाले, "उजवी बाजू बघितली का?"

"बघितली. तिथंही आहे."

"हं." हा वेगळा "हं" होता. "धर्माला फोन दे. नको, थांब. त्याला सांग, मीच येतो. तोंडावर बोलायला हवं."

आप्पा दुपारच्या एसटीने आले. काकांच्या समोर उभे राहिले, हात जोडायला गेले, काकांनी ते वरच्या वर धरले. "ऱ्हाऊ द्या आप्पा, पोर बघते." एवढाच समेट झाला. चावी मी काकांच्या गळ्यात घातली. तुटलेल्या हाताची मूर्ती आप्पांनी स्वतः मांडीवर घेऊन परत नेली आणि खाडीत विसर्जित केली. ज्यांची होती त्यांच्यासाठी दुसरी केली. बाकीचे गणपती रोह्यात वेळेवर पोचले.

पुढच्या दोन दिवसांत चाचांनी जे शिकवलं त्यावर मी आजवर पोट भरते आहे. रोह्याजवळच्या एका कंपनीत मी देखभाल विभागात आहे. कुठलं यंत्र कधी उघडायचं, कुठला बोल्ट कधी तपासायचा, याच्या याद्या करणं हेच माझं काम. चाचा कधी शिकवतो असं म्हणाले नाहीत. ते नुसतं बोलत राहिले. चाक वर उसळलं की चासीवर आपटू नये म्हणून तिथे एक जाड रबरी ठोकळा असतो. आमच्या गाडीचा तो कधीच पडून गेला होता आणि आप्पांनी दुसरा बसवला नव्हता. म्हणून प्रत्येक मोठ्या खड्ड्यात सगळा दणका शॉकअपलाच, आणि त्याच्यातून ब्रॅकेटला. शॉकअपही दुसऱ्याच गाडीचा, लांबीला आखूड. चाक खाली लोंबलं की तो ताणून ब्रॅकेटच ओढत होता. नवा घेताना चाक पूर्ण खाली सोडून आणि पूर्ण वर दाबून मापायचा, नुसता बसला म्हणून घ्यायचा नाही. नट आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, आणि रबर जरा दबेल एवढाच. मिठागरावरून आली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, पोटाखालून, कानाकोपऱ्यात साचलेला चिखल बोटाने काढून. आणि गंजलेल्या लोखंडावर वेल्डिंगचा लेप मारायचा नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, मग जाड पट्टी, तिचे कोपरे गोल करून, कारण चीर कोपऱ्यापासून सुरू होते.

सगळं झाल्यावर आप्पांनी सवयीने विचारलं, "रंग कुठला देऊ?"

"देऊ नका," चाचा म्हणाले. "तेलाचा हात फिरवा. ही जागा उघडी ऱ्हाऊ द्या. तिला आपल्याशी बोलायचं असतं." मग माझ्याकडे बघून, "आनि पावडर वाया घालवू नको."

लतीफचाचा आता नाहीत. आप्पाही नाहीत. कारखाना माझी भावजय चालवते आणि मोठा माल टेम्पोने जातो. पण जीप आहे. टेम्पो जिथे जात नाही अशा वाड्यांवरचे गणपती अजून तीच पोचवते. दर श्रावणात मी रजा काढून हमरापूरला येते, पोत्यावर उताणी पडते, जे आता सहज जमत नाही, आणि चारही ब्रॅकेटना रॉकेल लावून चहा पिते. गावातल्या आणखी तीन-चार जुन्या जीपवाल्यांनाही ही खोड मी लावली आहे. धर्माकाका गाडी चालवत नाहीत, गुडघे गेले. पण या दिवशी खाडीवरून येतात आणि मूर्तींच्या उलट्या खोक्यावर बसतात. चावी अजून त्यांच्याच गळ्यात. पांढरी पावडर भुरभुरून मी "स्वच्छ" म्हटल्याशिवाय ते ती कुणाला देत नाहीत. माझ्या त्या दिवसाबद्दल त्यांनी पुन्हा कधीही एक शब्द काढला नाही. याद्यांच्या वह्यांमध्ये हे ऋण कुठे लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

या वर्षीचं काल केलं. पुढचे दोन्ही स्वच्छ. मागचा डावा, लतीफचाचांच्या हातचा, स्वच्छ. मागच्या उजव्याला, तोही त्यांच्याच हातचा, बराच वेळ काही आलं नाही आणि मी उठणारच होते.

"थांब गो जरा," वरून काका म्हणाले. "घाई हाय का तुला?"

थांबले. रेघ आली.

"दिसली?"

"दिसली."

"केवडी?"

"नखाएवढी."

त्यांनी गळ्यातला दोरा चाचपला आणि चावी सदऱ्याच्या आत सोडली. मी खडूने चिरेभोवती गोल केला आणि बाहेर आले. मूर्ती जीपमधून न्यायला वाडीवरची माणसं रविवारी येणार आहेत. वेल्डर मंगळवारी येतो म्हणाला होता, आता गुरुवार म्हणतो. कापून पट्टी घालणारा हवा, नुसता लेप मारणारा नको, हे त्याला दोनदा सांगितलं आहे. त्याने ऐकलं की नाही कळत नाही. यादीतल्या बाकी सगळ्या ओळींपुढे खूण झाली. शेवटची अशी आहे: मागचा उजवा, वरचा ब्रॅकेट, कापून नवीन करणे. तिच्यापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे.